पाठ कुणाची?

वर्षाच्या इतर दिवसांत सहसा न घडणारी एक गोष्ट नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर घडते. आई मुलांना पाटावर बसवते आणि त्यांच्या पाठीला तेल लावते. एरवी मुलांचे तोंड आपण पाहतो, हातपाय पाहतो, परीक्षेचे गुण तर पाहतोच पाहतो. पाठ पाहतो ती या एका दिवशी. हाताखाली मणके लागतात, खांद्याची पाती लागतात, आणि मागच्या दिवाळीला एवढीशी असलेली पाठ केवढी वाढली, याचे नवल वाटते. मग उटणे, गरम पाणी, फराळ यांच्या गडबडीत ती पाठ पुन्हा सदऱ्याखाली जाते, ती पुढच्या दिवाळीपर्यंत.

मराठी भाषेने मात्र पाठीला फार मान दिला आहे. शाबासकी द्यायची ती पाठ थोपटून, अडचणीत साथ द्यायची ती पाठीशी उभे राहून. नव्या नवरीबरोबर जाते ती पाठराखीण, आणि आपल्यानंतर जन्मलेले भावंड ते पाठचे. रणातून पळाला तो पाठ दाखवून पळाला, आणि कुणापुढे लवला नाही तो ताठ कण्याचा. इतके सगळे म्हणून झाल्यावर खुद्द घरातल्या मुलाची पाठ दुखू लागली तर आपण काय म्हणतो? ‘या वयात कसली रे पाठ दुखते!’

मी लिहिणार आहे ते या दुखणाऱ्या पाठीविषयी. त्यातही व्यायामशाळेत कोलांट्या मारणाऱ्या, दोरीवर चढणाऱ्या, अंगाची कमान करणाऱ्या नऊ-दहा ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या पाठीविषयी. विषय डॉक्टरांचा आहे, मास्तरणीने त्यात का पडावे, असे कुणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीचे. शाळेत मराठी शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शरीरशास्त्राचा अधिकार मला नाही. पण पाठीचे हाड कसे मोडते हा प्रश्न डॉक्टरांचा असला, तरी ते मोडेपर्यंत घरातली, शाळेतली आणि व्यायामशाळेतली शहाणीसुरती माणसे गप्प का बसतात, हा प्रश्न नीतीचा आहे. त्याचा विचार करायला अधिकारपत्र लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलांनी व्यायाम करावा, अंग मोडावे, घाम गाळावा, या मताची मी आहे. आमच्या इंदिरानगरात संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चक्कर मारली, की म्हातारी माणसे चालताना दिसतात आणि मुले मोबाइलवर वाकलेली दिसतात. हे दृश्य उलटे असायला हवे होते. म्हणून बोगद्याकडून येणाऱ्या एखाद्या दुचाकीवर आईच्या मागे, केस घट्ट बांधलेली, खांद्याला कपड्यांची पिशवी लावलेली मुलगी व्यायामाच्या वर्गाला निघालेली दिसली, की मला बरे वाटते. पाठीला धोका केवळ कसरतीने होतो असेही नाही. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे २०२० च्या केंद्रीय दप्तर-धोरणाला सांगावे लागले, याचाच अर्थ न हलणाऱ्या मुलांच्या पाठीही धड राहिलेल्या नाहीत.

शिवाय नाशिककराने व्यायामाला नाके मुरडणे शोभणार नाही. आमच्याच गावाच्या कडेला टाकळी आहे. तिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असे परंपरा सांगते. वणीचा सप्तशृंगगड आमच्याच जिल्ह्यात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले, त्यांना तोंड देण्यासाठी बाळंभटदादा देवधरांनी या गडावर देवीची उपासना केली, आणि मारुतीच्या दृष्टांतातून त्यांना मल्लखांबाची विद्या लाभली, ही कथा मल्लखांबाच्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला, तरी बाळंभटदादांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले हे खरे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही या विद्येचा उल्लेख आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवले. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर उभे आहे, आणि त्याच मैदानावर फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर मुलगा जेव्हा पक्ष्यासारखा आडवा तोलून धरतो, तेव्हा पाहणाऱ्याचाही कणा नकळत ताठ होतो. हे वैभव मला हवे आहे. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोण मोजतो, आणि ती त्याला विचारून घेतली जाते का.

आता हाडाविषयी थोडे. डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले ते माझ्या शब्दांत सांगते. कमरेच्या पाच मणक्यांपैकी सर्वांत खालचा, म्हणजे पाचवा, हा फार भार सोसतो. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. आपण मागे वाकतो तेव्हा त्या पुलावर दाब येतो. मोठ्या माणसात तो पक्का झालेला असतो. वाढत्या मुलात अजून कोवळा असतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी शंभर वेळा वाकवली तर तुटते. तसेच या पुलाचे होते. एका पडण्याने नव्हे, तर रोजच्या शेकडो कमानींनी आणि उडी मारून कडक गुडघ्यांनी जमिनीवर आदळण्याने त्याला बारीक चीर जाते. तिला स्पाँडिलोलायसिस म्हणतात. दोन्ही बाजूंना चीर गेली तर पुढे मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकूही शकतो. १९७६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या शंभर मुलींच्या पाठींचे क्ष-किरण फोटो काढून तपासले. अकरा जणींच्या पाचव्या मणक्याला अशी चीर आढळली. खेळ न करणाऱ्या मुलींच्या मानाने हे प्रमाण सुमारे चौपट होते.

मुलींच्या बाबतीत साधारण अकरा ते तेरा, आणि मुलांच्या बाबतीत त्यानंतर एक-दोन वर्षे, हा उंची झपाट्याने वाढण्याचा काळ. हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. म्हणून काल सहज होणारी कमान आज अडते. मांडीमागचे स्नायू ताठरतात, खांदे उघडत नाहीत. आणि खांदा व जांघ यांनी द्यायचा बाक सगळा कमरेतून काढला जातो. शिकवणारा जाणता असेल तर तो म्हणतो, ‘तुझी उंची वाढते आहे, दोन महिने कमानी कमी कर, पोटाचे स्नायू बळकट कर.’ जाणता नसेल तर म्हणतो, ‘आळशी झालीस,’ आणि पाठीवर हात दाबून, कधी कधी चक्क वजन टाकून, कमान पुरी करून घेतो.

माझ्या वर्गात सहावीत एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही, वर्गही कुठला होता ते सांगण्याचे कारण नाही. अभ्यासात बरी, कसरतीत मात्र अशी, की स्नेहसंमेलनात ती रंगमंचावर आली की पडद्यामागची मंडळीसुद्धा पुढे येऊन पाहायची. त्या वर्षी जानेवारीत माझ्या लक्षात आले, की खाली पडलेले पेन ती कमरेत वाकून उचलत नाही; पाठ सरळ ठेवून, गुडघे दुमडून, म्हाताऱ्या बाईसारखी खाली बसते. तासाच्या शेवटी शेवटी बाकावरून उठून भिंतीला टेकून उभी राहते. मी विचारले, ‘पाठ दुखते का गं?’ ‘नाही, बाई.’ दुसऱ्यांदा विचारले तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा मी विचारले नाही, नुसती तिच्याशेजारी बसून वह्या तपासू लागले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘बाई, दुखतं म्हटलं की मागच्या रांगेत टाकतात.’

त्या एका वाक्यावर मी महिनोन्‌महिने विचार केला आहे. आईला बोलावले. आई समंजस होती, पण तिचीही अडचण होती. ‘बाई, स्पर्धा दहा दिवसांवर आली आहे. वर्षभर पहाटे पाचला उठलो आम्ही दोघी. दहा दिवस निघाले की दाखवतेच डॉक्टरांना.’ दहा दिवस म्हणजे काही फार नव्हेत, असे तिला वाटले; मला ते दहा दिवस फार वाटले. शेवटी डॉक्टरांकडे गेले. चीर होती. साध्या फोटोत दिसली नाही, पुढच्या तपासणीत दिसली. तीन महिने कमान बंद, उड्या बंद. स्पर्धा अर्थातच गेली. व्यायामाच्या वर्गाचे म्हणणे असे पडले, की शाळेने उगीच बाऊ केला. आणि मुलगी? ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एक दिवस वही देताना खाली मान घालून म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून माझं गेलं.’

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिचा राग खरा होता, आणि त्या रागात एक प्रश्न होता. पाठ तिची होती. इच्छा तिची होती. दुखणे सोसायला ती तयार होती. मग मध्ये पडणारी मी कोण? डॉक्टरांनी चीर दाखवली म्हणून मी बरोबर ठरले, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चीर निघाली नसती तर? तर मी एका मुलीचे वर्षाचे कष्ट वाया घालवणारी ठरले असते का? एखादी गोष्ट करणे योग्य की अयोग्य, हे तिच्या निकालावरून ठरवायचे नसते. करताना आपल्याला काय ठाऊक होते आणि आपण कोणत्या नात्याने उभे होतो, यावरून ठरवायचे असते. म्हणून नात्याकडे वळते.

मुलाचे शरीर कुणाचे? जुन्या समजुतीने ते आईबापांचे. ‘माझ्या पोराला मी मारीन नाही तर तारीन’ असे म्हणणारे बाप आपण पाहिले आहेत. नव्या समजुतीने ते मुलाचे स्वतःचे. दुसरी समजूत पहिलीहून पुष्कळ चांगली आहे, पण तीही इथे पुरी पडत नाही. कारण अकरा वर्षांच्या मुलीची इच्छा खोटी नसते, ती आखूड असते. तिला पुढचा रविवार दिसतो, पुढची स्पर्धा दिसते. चाळिसाव्या वर्षी पाण्याची बादली उचलताना, तान्ह्या मुलाला कडेवर घेताना, आठ तास उभ्याने नोकरी करताना ज्या पाठीची गरज पडेल, ती पाठही हीच, हे तिला दिसू शकत नाही. दिसावे अशी अपेक्षा करणेही अन्याय होईल. ती चाळीस वर्षांची बाई अजून जन्माला आलेली नाही; तिला मत मांडता येत नाही, रडता येत नाही, राज्यस्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिता येत नाही. तिच्या वतीने कुणीतरी बोलायला हवे. आईबाप आणि शिक्षक यांचा मुलाच्या शरीरावर जर काही अधिकार असेल, तर तो एवढाच, की त्या न आलेल्या माणसाच्या वतीने बोलण्याचा. शरीर आईबापांच्या मालकीचे नव्हे आणि मुलाने उधळून टाकण्याचेही नव्हे. ती ठेव आहे, आणि आपण विश्वस्त आहोत.

विश्वस्त या शब्दाने काही जण खूष होतील आणि म्हणतील, मग मुलांना घरात बसवा, म्हणजे ठेव सुरक्षित. पण ठेव जमिनीत पुरून ठेवणारा विश्वस्तही नालायकच. जे शरीर कधी उलटे लटकले नाही, कधी पडून उठले नाही, ज्याने भीतीचे पाणी पाणी करून पुन्हा दोरी धरली नाही, ते मोठेपणी माणसाच्या फारसे कामाला येत नाही. धोका मुळीच नको म्हणणे हाही मुलाचे हिरावून घेण्याचा एक प्रकार आहे. म्हणून धोका घ्यावा की नाही हा प्रश्नच चुकीचा. कोणता धोका मुलाला वाढवतो आणि कोणता खातो, हा खरा प्रश्न.

तो ओळखायचा कसा? इथे माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली आहे. दुखणे दोन प्रकारचे असते. व्यायामाने अंग दुखते ते सगळीकडे, दोन्ही बाजूंना सारखे. दोन-तीन दिवसांत ओसरते, आणि त्यात एक प्रकारचे समाधानही असते. दुसरे दुखणे एका जागी असते, बोट ठेवून दाखवता येते; मागे वाकले की वाढते, विश्रांतीने थांबते आणि खेळ सुरू केला की परत येते; कधी रात्री झोपू देत नाही. पहिले दुखणे सोसणे हा गुण. दुसरे सोसणे हा गुण नव्हे, तो धोक्याच्या घंटेला बोळा घालणे होय. आणि दोहोंतला फरक जगात एकाच माणसाला कळतो: ज्याला दुखते त्याला. ना शिकवणाऱ्याला, ना आईला, ना पहिल्या दिवशी डॉक्टरांना. म्हणजे सगळ्या सुरक्षिततेचे एकमेव साधन काय, तर मुलाचे खरे बोलणे. गादी त्यानंतर, आधार त्यानंतर, तपासणी त्यानंतर.

आता ‘दुखतं म्हटलं की मागच्या रांगेत टाकतात’ हे वाक्य पुन्हा वाचावे. जिथे खरे बोलण्याची शिक्षा होते, तिथे मूल काही दिवसांत खोटे बोलायला शिकते. आणि खोटे बोलताना त्याला वाटते की आपण शूर आहोत. आपणही त्याच्या खोट्याला शौर्य म्हणतो. शाळेत एक वाक्य खोटे बोलले म्हणून आम्ही मुलांना उभे करतो, आणि इथे रोज हसतमुखाने बोललेल्या खोट्यावर टाळ्या वाजवतो. हाडाला चीर जाण्याच्या आधी सत्याला चीर गेलेली असते, असे मला वाटते ते यामुळे.

जगातले सर्वांत दुःखद उदाहरण येलेना मुखिना हिचे. १९७८ साली स्ट्रासबुर्गच्या जागतिक स्पर्धेत ही रशियन मुलगी सर्वंकष विजेती ठरली. १९७९ साली तिचा पाय मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच मॉस्को ऑलिंपिकसाठी सराव सुरू झाला, आणि त्या सरावात एक अशी उडी होती की हवेत फिरून मानेवर-पाठीवर लोळण घेत उतरायचे. आपली मान मोडेल, असे ती शिकवणाऱ्याला सांगत होती. तुझ्यासारख्यांची मान मोडत नसते, असे तिला ऐकवले गेले, हे तिनेच पुढे सांगितले. ३ जुलै १९८० रोजी, ऑलिंपिकला सोळा दिवस उरले असताना, मिन्स्क येथे ती त्याच उडीत हनुवटीवर आदळली आणि मान मोडली. ती वीस वर्षांची होती. त्यानंतर ती कधी चालली नाही. २००६ साली वारली. पडल्यावर पहिला विचार मनात काय आला, हेही तिने सांगून ठेवले आहे: सुटले, आता ऑलिंपिकला जावे लागणार नाही. ज्या मुलीला नको म्हणण्याची दुसरी कोणतीही वाट ठेवली नव्हती, तिला ही वाट सुटकेची वाटली. एवढे वाचल्यावर त्या देशाच्या पदकांचे मोल काय करायचे ते वाचकांनी ठरवावे.

याच्या उलट सिमोन बाइल्स. २०२१ च्या जुलैत टोकियोला सांघिक अंतिम फेरीत पहिल्याच उडीत तिचे हवेतले भान सुटले. आपण कुठे आहोत हे शरीराला कळेना. ती बाजूला झाली आणि म्हणाली, मी आज करणार नाही. तिच्या संघाला रौप्यपदक मिळाले. घरी बसून चिवडा खाता खाता जगभर पुष्कळांनी तिला भित्री ठरवले. तीच मुलगी २०२४ साली पॅरिसला तीन सुवर्णपदके आणि एक रौप्य घेऊन परतली. ती पदके मिळाली नसती तरी तिचा नकार योग्यच होता, हे मी मघाच्या न्यायाने म्हणते. पण ज्यांना निकालानेच पटते, त्यांच्यासाठी निकालही आहे.

आणि आपली दीपा कर्माकर. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओला तिने प्रोदुनोव्हा नावाची अवघड उडी मारली, तेव्हा भारतातले कितीतरी लोक श्वास रोखून बसले होते. पदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकले, पण चौथ्या क्रमांकानेही ती घराघरात पोचली. ती उडी धोक्याची होती. मग तिला आपण का डोक्यावर घेतले? माझे उत्तर असे: दीपा तेव्हा तेवीस वर्षांची होती. धोका तिला ठाऊक होता, आणि तो तिने वयात आलेल्या माणसाच्या समजुतीने पत्करला होता. शूर माणसाचे शौर्य त्याच्या नकाराच्या स्वातंत्र्यावर उभे असते. जिला नाही म्हणता येत होते तिने हो म्हटले, म्हणून ते शौर्य. जिला नाही म्हणताच येत नाही, तिच्या होकाराला शौर्य म्हणणे ही आपली सोय आहे.

म्हणूनच वयाच्या मर्यादा आल्या. नादिया कोमानेची १९७६ साली चौदाव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने मोठ्या स्पर्धांसाठी मुलींचे वय १९८१ पासून पंधरा आणि १९९७ पासून सोळा केले. आपल्याकडे दहीहंडीचेही तसेच झाले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरात घेऊ नये आणि थर वीस फुटांपेक्षा उंच नसावेत, असा आदेश दिला. वाद वरपर्यंत गेला, आणि शेवटी २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना थरात घेतले जाणार नाही, असे शासनाने न्यायालयात सांगितले. किती वय योग्य, यावर मतभेद होऊ शकतात. पण मर्यादा न्यायालयाला घालावी लागली, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. सर्वांत वर चढणारे पोर ‘नको’ म्हणत नव्हते, आईबाप म्हणत नव्हते, मंडळ म्हणत नव्हते, आणि खाली उभे राहून वर बघणारे आपण तर मुळीच म्हणत नव्हतो. टाळ्या वाजवणाऱ्याचे हात रिकामे नसतात. पडणाऱ्या मुलाच्या वजनाचा काही वाटा त्यांवरही असतो.

मग आपण करायचे काय? मोठमोठे उपाय मला सुचत नाहीत, घरगुती सुचतात. मूल ज्या वर्गात जाते तिथे एक संध्याकाळ जाऊन बसावे. अंग तापवल्याशिवाय कमानी सुरू होतात का, गाद्यांच्या मध्ये फटी आहेत का, नवी उडी हाताच्या आधाराशिवाय करायला लावतात का, उतरताना गुडघे आणि कंबर दुमडायला शिकवतात का, पाठीवर बसून किंवा दाबून बाक काढतात का, आठवड्यात विश्रांतीचा दिवस आहे का, हे पाहायला डॉक्टर असावे लागत नाही. शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ‘एखाद्या मुलाने दुखते म्हटले तर तुम्ही काय करता?’ उत्तर देताना त्याचा चेहरा पाहावा. चांगले गुरू या प्रश्नाने रागावत नाहीत. ‘थांबवतो, आणि बरे झाले की त्याच जागी परत घेतो’ असे सांगतात. ‘त्याच जागी’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. असे गुरू महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जिवावरच ही विद्या टिकली आहे.

पाठीचे एकाच जागेचे दुखणे दोन आठवडे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. स्पर्धा परवा असली तरी. पायात मुंग्या येणे, पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला. आणि मूल उंचावरून पडून मान किंवा पाठ दुखते म्हणाले, तर त्याला उठवून बसवू नये, चालवून पाहू नये. आहे तसे स्थिर ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रेमाने कडेवर उचलून धावत सुटणे हाच त्या वेळचा सर्वांत मोठा धोका असतो. चीर वेळीच सापडली, तर विश्रांतीने आणि नीट व्यायामाने बहुतेक मुले पुन्हा खेळू लागतात, हेही सांगून ठेवते. नाहीतर हा लेख वाचून एखादी आजी नातीचे नाव वर्गातून काढून टाकायची.

दिवाळी संपली की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतील. मुलांचे मनोरे रचले जातील. सर्वांत वर झेंडा धरलेले पोर असेल, आणि फोटोत तेच दिसेल. तळाशी हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवी झालेली चार-पाच मुले असतील, त्यांची फक्त पाठ दिसेल. वाचकांपैकी जे शिक्षक असतील, पालक असतील, संस्थांचे चालक असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे, की तालमीच्या आधी त्या तळाच्या मुलांजवळ जाऊन खाली बसावे आणि पाठ दुखते का, असे विचारावे. मूल नाही म्हणेल. मग लगेच उठू नये. थोडे थांबावे.